तळ्याकडे चार, गोठ्याकडे दोन

संपादकांचा फोन आला, "मॅडम, तुमच्या शाळेतल्या नवोपक्रमांवर लिहा ना आमच्या अंकासाठी." नवोपक्रम म्हटलं की मला अजून तीन प्रतींतला अहवाल आणि त्याला टाचणीनं लावलेले फोटो आठवतात आणि कपाळ दुखायला लागतं. म्हणून आधीच कबूल करते, मी नवोपक्रम केला नाही. मला एका जागी बसवत नाही, एवढंच. मास्तरीणच जिथे बसत नाही तिथे पोरांनी काय घोडं मारलं होतं? म्हणून मी त्यांनाही उठवलं.

ही खोड निवृत्तीनंतरही गेलेली नाही. मी आता शहरात, प्रताप नगरात राहते. तिथल्या बागेत सकाळी बायकांचा ध्यानाचा वर्ग असतो. तिथे मी तीन दिवस टिकले. चौथ्या दिवशी शेजारच्या दोघींशी डोळे मिटून एका पायावर उभं राहायची पैज लावली. एक पडली, दुसरी हसून हसून खोकायला लागली आणि वर्ग घेणाऱ्या ताईंनी मला अत्यंत शांत आवाजात सांगितलं की तुम्ही आपल्या फिरायलाच जात जा.

माझी शाळा कुहीच्या पुढे, धानाच्या, म्हणजे भाताच्या, पट्ट्यात होती. गावाचं नाव सांगत नाही. तिथली पोरं आता मोठी झाली आहेत, मोबाईल बाळगतात आणि फोन करून भांडतात. दोन शिक्षकी शाळा, पहिली ते पाचवी. मुख्याध्यापक उरकुडे सर पहिली-दुसरी आणि सगळे कागद सांभाळायचे, मी तिसरी ते पाचवी. सरांना शांतता फार प्रिय. शाळेत इतकी शांतता हवी की घंटा वाजवताना शिपायाला लाज वाटावी, असं त्यांचं मत होतं. आमच्याकडे शिपाई नव्हता, त्यामुळे घंटा सरच वाजवत, आणि तीही हळू.

बाहेरच्या माणसाला वाटतं, वर्गातले खेळ म्हणजे पोरांना मोकळं सोडायचं आणि आपण चहा प्यायचा. तसं असतं तर मी आज एवढी बारीक नसते. तिसरीतलं पोर वीस मिनिटं गप्प बसलं तर एक तर त्याला ताप आहे, नाही तर ते बाकाखाली काहीतरी उद्योग करतंय. ती वीस मिनिटं त्याचे पाय नुसते वाया जातात. माझं माहेर काटोलचं. वडील संत्र्यांची रास निवडताना फळ नुसतं तळहातावर घेत आणि ते मोठ्यात जाणार की मध्यमात, ते न बघता सांगत. कसं कळतं म्हणून विचारलं तर म्हणायचे, "हाताले माहीत आहे न, मले काहून विचारून राहिली?" मला वाटलं, हाताला संत्री कळतात तर पायांना पाढे का कळू नयेत!

तर आमचा मुख्य खेळ असा. शाळेसमोर मोठं अंगण. त्यावर चुन्याच्या फक्कीनं दहा बाय दहाची शंभर घरं आखायची आणि त्यांत एक ते शंभर आकडे. पोरांनी पहिल्याच दिवशी त्याला 'शेत' म्हणायला सुरुवात केली. घर म्हणजे बांधी, धानाचा एक तुकडा, आणि मधली रेघ म्हणजे धुरा, त्याचा बांध. धानाच्या गावातली पोरं ती, धुऱ्यावरून पळायला त्यांना कोणी शिकवावं लागत नाही. आमच्या शेतात मात्र उलटा कायदा होता, धुऱ्यावर पाय पडला की आऊट.

आता वाचकांनी शाळेकडे पाठ करून उभं राहावं. समोर तळं. उजव्या हाताला बोरिंग, म्हणजे हातपंप. डाव्या हाताला सरपंचांचा गोठा. पायापाशी पहिली ओळ, एक ते दहा, गोठ्याकडून बोरिंगकडे जाणारी. तिच्या पुढे अकरा ते वीस, अशा करत शंभरची बांधी पार तळ्याच्या अंगाला. म्हणजे तळ्याकडे एक पाऊल टाकलं की दहा वाढतात. बोरिंगकडे एक टाकलं की एक वाढतो, गोठ्याकडे टाकलं की एक कमी होतो. सरपंचांकडे गेलं की काही ना काही कमीच होतं, हे पोरांनी स्वतःच्या बुद्धीनं ताडलं होतं. ते मी शिकवलं नव्हतं, हे इथे नमूद करते.

समजा अडतीस मिळवायचे आहेत. अडतीस म्हणजे चाळीसला दोन कमी. तळ्याकडे चार, गोठ्याकडे दोन. सत्तेचाळीसच्या बांधीतून निघालेलं पोर सहा उड्यांत पंच्याऐंशीवर उभं! नऊचा पाढा म्हणजे दर वेळी तळ्याकडे एक आणि गोठ्याकडे एक, सरळ तिरकी रांग. तो पाढा माझ्या वर्गात कोणी पाठ केलाच नाही. उभी मांडणी, हातचे वगैरेही मी शिकवले होते, पण ज्याला पळत जाता येतं तो हातच्याची काठी कशाला धरेल?

आणखी एक गोष्ट मी बऱ्याच चुका करून शिकले. ज्या खेळात आऊट झालेलं पोर बाजूला बसतं तो खेळ शाळेच्या कामाचा नाही. कारण ज्याला येत नाही तेच आधी आऊट होतं, आणि ज्याला सरावाची गरज तेच मग भिंतीला टेकून नाक उकरत बसतं. आमच्याकडे आऊट झालेला राखणदार व्हायचा. इतरांचं उत्तर बरोबर की चूक ते त्यानं ओरडून सांगायचं. ओरडायला मिळतं म्हणून काही जण मुद्दाम आऊट व्हायचे, आणि दुसऱ्याची चूक पकडायच्या आनंदात स्वतः गणित शिकून जायचे. चहाडी हा मनुष्यस्वभाव आहे, तो शिक्षणात वापरायला हरकत नाही.

तक्रारी यायच्याच. एक आई वेळूची छडी घेऊन आली आणि ती माझ्याच हातात देऊन म्हणाली, "मॅडम, याले चांगलं ठोका. जेवतानी ताटावर बसून नाही राहिला हा. भाजी मांगाची तरी उड्या मारून मांगते." सर रोज म्हणायचे, "मॅडम, ही शाळा आहे का कबड्डीचं मैदान?" मी म्हणायची, "सर, एकदा खेळून तर पाहा." ते "छे, छे" करत कागदांत डोकं घालायचे. एका सोमवारी मात्र सकाळी शेतात मोठ्या माणसाच्या बुटांचे ठसे सापडले. नऊ, अठरा, सत्तावीस, असे थेट त्रेसष्टपर्यंत, आणि तिथे बरीच फक्की विस्कटलेली. त्या दिवशी सर किंचित लंगडत होते. मी काही बोलले नाही. पोरंही बोलली नाहीत, पण आठवडाभर सर समोरून गेले की ती सगळी मिळून नऊचा पाढा म्हणायची आणि त्रेसष्टला थांबायची.

एवढा थाट चालला असताना शाळा तपासणीला एक साहेब आले.

साहेबांची खुर्ची व्हरांड्यात सावलीला ठेवली. पोरांना सरांनी त्यांच्यासमोर अंगणात रांगेनं बसवलं, मांडी घालून, हाताची घडी, तोंड साहेबांकडे. म्हणजे शाळेकडे. म्हणजे तळ्याकडे पाठ. यात काही घोटाळा आहे हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. साहेबांनी विचारलं, "सत्तेचाळीस अधिक अडतीस किती?"

मग एकेक मान मागे वळायला लागली. एक वळली, दुसरी वळली, आणि बघता बघता अख्खा वर्ग साहेबांना पाठमोरा झाला. "अरे, इकडे बघा!" साहेब ओरडले. माना फिरल्या, उत्तर गेलं. साहेबांनी पाचवीतल्या करुणाकडे बोट केलं. करुणा रामटेके, माझ्या वर्गातली सगळ्यांत चलाख मुलगी, शेतात तिला कोणी पकडू शकत नसे. ती उभी राहिली, डोळे बारीक केले आणि अत्यंत प्रामाणिकपणे म्हणाली, "सर, मले तळं दिसून नाही राहिलं."

"तळ्याचा काय संबंध?"

"तळ्याकडेच तर जाचं आहे न सर, चार वेळा."

इथे मी पुढे होऊन साहेबांना सगळं नीट समजावून सांगायला हवं होतं. पण मला हसू फुटलं. मी पदर तोंडात कोंबून बोरिंगकडे पळाले. शेरेबुकात साहेबांनी लिहिलं, 'विद्यार्थ्यांचे लक्ष अध्ययनापेक्षा तळ्याकडे अधिक आहे.' हा शेरा मी पुढे कित्येक दिवस बैठकीत, बसमध्ये, लग्नात, जिथे चार शिक्षक भेटतील तिथे सांगून हशा वसूल केला. साहेबांचीच फजिती झाली असं मी समजत होते. आपली झाली आहे हे कळायला मला महिना लागला.

करुणाला निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेला बसवायचं आम्ही ठरवलं होतं. आमची शाळा पाचवीपर्यंत. सहावीची शाळा सहा किलोमीटरवर, बस कधी येते कधी नाही, आणि एकट्या मुलीला त्या रस्त्यानं कोणी पाठवत नसे. करुणाची थोरली बहीण पाचवी झाली तशी शाळेतून निघाली आणि दुसऱ्याच पावसाळ्यात आईबरोबर धानाच्या रोवणीला, म्हणजे लावणीला, जायला लागली. निवासी शाळेत नंबर लागला तर करुणाला बारावीपर्यंत राहणं, खाणं, शिकणं सगळं तिथेच. नाही लागला तर तिच्यापुढे बहिणीचीच वाट होती. दुसरा काही रस्ता नव्हता, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, करुणालाही.

मुख्य परीक्षेच्या दीड महिना आधी कुहीला एका शाळेत सराव परीक्षा झाली. मी निर्धास्त होते. निकाल आला तेव्हा भाषेत करुणा पहिली आणि गणितात जवळपास शेवटची. तपासणाऱ्या शिक्षकांनी वर लिहिलं होतं, 'पाया कच्चा.'

त्या दुपारी तिची आई, वंदनाबाई, धान कापणीतून तशीच शाळेत आली. कमरेला इळा खोचलेला, केसांत तणसाचे तुकडे. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच बोलली.

"मॅडम, तुमीच म्हणलं होतं न पोरगी हुशार आहे म्हणून. मंग काहून असं झालं?"

मी टेबलावरचा पेपर पालथा घातला.

"मोठीले मीच घेऊन गेली रोवणीले. आता तिचे हात माह्याहून जल्दी चालते. लोकं म्हणते, वंदने, पोरगी मस्त तयार केली. मले बाई ते आयकून रडू येते. हिचं तसं नाही होऊ द्याचं मले. तुमी सांगून द्या खरं खरं. आहे का तिच्यात काही, का मी उगीच आस धरून राहिली?"

"आहे," मी म्हटलं. "चूक माझी आहे. कुठे आहे ते अजून कळलं नाही, पण माझीच आहे."

ती गेल्यावर मी पेपर घेऊन बसले. होय, बसले, चांगली दोन तास. सत्तेचाळीस अधिक अडतीस, करुणाचं उत्तर एकोणनव्वद. छप्पन अधिक तेवीस, उत्तर त्र्याहत्तर. मी शेत डोळ्यांसमोर आणलं आणि तिच्यामागून चालायला लागले. छप्पनवरून तळ्याकडे दोन, शहात्तर. आता बोरिंगकडे तीन जायचं, तर ही गेली गोठ्याकडे तीन. सत्तेचाळीसच्या गणितात गोठ्याकडे दोन जायचं तर बोरिंगकडे गेली. सगळ्या पेपरात दहाची पावलं बरोबर आणि एककाची उलटी. एकही चूक आडवीतिडवी नव्हती.

मी करुणाला बोलावलं. "कुहीला तू कुठे बसली होतीस?"

"खिडकीपाशी. तिथून बोरिंग दिसे न मॅडम, म्हणून मी तिथंच बसली."

"कोणत्या हाताला होतं बोरिंग?"

तिनं विचार करून डावा हात वर केला. आकडे तिच्या मनात आमच्या अंगणासारखेच उजवीकडे वाढणारे, आणि बोरिंग म्हणून ती निघाली होती डावीकडे.

पोरीनं एकही गणित चुकवलं नव्हतं, तिचं गाव चुकलं होतं. मी समजत होते की मी गणित शिकवते. मी आमचं एक अंगण शिकवून ठेवलं होतं, त्या अंगणाबाहेर माझी पोरं अडाणी होती, आणि हे मला एका साहेबाच्या शेऱ्यात लिहून मिळालं होतं तेव्हा मी पदर तोंडात धरून हसत होते. मला माझी इतकी लाज वाटली की मी त्या दिवशी सरांशी एकदाही वाद घातला नाही. त्यामुळे ते घाबरले.

मी सगळं सांगितल्यावर उरकुडे सरांनी समोरचे कागद बाजूला सारले. मग म्हणाले, "मॅडम, रोगही तुमचा आणि औषधही तुमचंच. पोरीला आता बसवून शिकवायला जाल तर ती आहे तेही विसरेल. जिथून तळं दिसत नाही तिथे शेत काढू."

आणि ज्या माणसाला घंटासुद्धा हळू वाजलेली आवडायची तो माणूस चुन्याची बादली घेऊन गावात निघाला. एक दिवस विहाराच्या आवारात शेत, एक दिवस मळणीच्या खळ्यावर, एक दिवस चक्क सरपंचांच्या गोठ्यापुढे. तिथे सरपंचांची म्हैस चौसष्टवर येऊन उभी राहिली आणि हटेना. राखणदार पोरं "धुऱ्यावर पाय, आऊट, आऊट!" म्हणून तिच्यावर ओरडत होती. सरपंच बाहेर आले. "काय करून राहिले गा सर?" सर चुन्यानं पांढरेफटक झालेले, म्हणाले, "गणित!" सरपंच आल्या पावली आत गेले. वेड्यांशी कोण वाद घालणार!

पण करुणा अडायचीच. नव्या जागी शेताच्या मधोमध उभी राहायची आणि चारी दिशांना बघायची. मी म्हटलं, "अगं, तळं विसर. नुसतं पुढे आणि उजवीकडे म्हण." ती रडकुंडीला आली. "तळं नाही तर मी जाऊ कोनीकडे मॅडम?" चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी ती घरून पितळेचा लोटा पाण्यानं भरून घेऊन आली. शेताच्या टोकाला तिनं तो ठेवला आणि उजव्या बाजूला स्वतःची एक चप्पल.

"हे काय?"

"हे तळं न हे बोरिंग. आता मी म्हणन तिथं तळं."

एवढं शहाणपण मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. त्या दिवसापासून खेळ बदलला. शेत कुठेही काढा, कसंही वाकडं काढा, करुणा आधी लोटा ठेवायची, मग चप्पल, आणि मग कोणाच्या बापाला ऐकत नसे. इतर पोरंही लोटे घेऊन यायला लागली. सकाळी सकाळी लोटे घेतलेल्या पोरांची रांग शाळेकडे निघालेली पाहून गावात काय काय विनोद झाले ते मी इथे लिहीत नाही, अंक घरातली सगळी मंडळी वाचतात.

आता लोटा लहान करायचा होता. आम्ही शेत अंगणातून वर्गाच्या फरशीवर आणलं, लोट्याच्या जागी वाटी. मग पाटीवर आणलं, वाटीच्या जागी बाटलीचं बुचण, पाण्याचे चार थेंब टाकून, आणि पायांऐवजी बोट. शेवटी पाटी काढून घेतली. करुणा म्हणाली, "गुडघा तळं." मांडीवर बोट चालायला लागलं. गुडघ्याकडे चार, डावीकडे दोन. पहिले दोन दिवस तिला बुचण लागलं, मग तेही नको झालं. पाय जमिनीवर स्थिर, डोळे पेपरवर आणि बाकाखाली एक बोट मांडीवर सुसाट. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तिला मी मुद्दाम तळ्याकडे पाठ करून बसवलं आणि पन्नास बेरजा घातल्या. तिच्या सगळ्या बरोबर आल्या, माझ्या उत्तरांच्या यादीत दोन चुकल्या.

परीक्षेच्या दिवशी मी, सर आणि वंदनाबाई केंद्राच्या फाटकाबाहेर कडुनिंबाखाली थांबलो. वंदनाबाईनं मजुरी पाडली होती आणि ठेवणीतलं लुगडं नेसली होती. दोन तास. मी अर्थातच येरझारा घालत होते. शेवटी ती म्हणाली, "बसा न मॅडम, तुमच्यानं मले चक्कर येऊन राहिले." मी बसले. तिनं माझा हात धरला आणि पेपर सुटेपर्यंत सोडला नाही. धान कापून कापून खडबडीत झालेला तिचा तळवा ओला होता. माझाही होता.

करुणा बाहेर आली ती खाली मान घालून.

"काय झालं वं?" वंदनाबाईनं विचारलं.

"सरनं हात वर ठेवाले लावले." वर्गावरच्या पर्यवेक्षकांनी तिचं बाकाखाली हलणारं बोट पाहिलं होतं. त्यांना वाटलं, चिठ्ठी आहे. त्यांनी तिला उभं केलं, खिसे पाहिले, काही मिळालं नाही, आणि सांगितलं की आता पेपर संपेपर्यंत डावा हात बाकावर उघडा ठेवायचा, पाय हलवायचे नाहीत आणि इकडेतिकडे बघायचं नाही. त्यांची चूक म्हणता येत नाही, मीही तेच केलं असतं. मी तिला विचारलं, गणितं किती बाकी होती तेव्हा? "सगळेच," ती म्हणाली.

सरांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. मी कसंबसं विचारलं, "मग काय केलंस?"

तिनं मान वर केली. ओठ घट्ट मिटलेले, आणि गाल आतून एकदा उजवीकडे फुगला, एकदा डावीकडे. मग तोंड उघडून तिनं जीभ बाहेर काढून दाखवली.

"जिभेनं गेली मी. समोरचे दात तळं, न उजवी दाढ बोरिंग. तोंडात कोन पाहून राहिलं, मॅडम?"

मी तिथे रस्त्यात फाटकासमोर एवढ्या मोठ्यानं हसले की आतून चौकीदार बघायला आला. सर हसले. वंदनाबाईला काहीच कळलं नव्हतं, पण आम्ही हसतोय म्हणजे बरंच असेल, असं समजून तीही हसली आणि मग पदरानं डोळे पुसत राहिली.

निकालाची यादी सरांनी कार्यालयात तीनदा वाचली आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशी घंटा बडवली. शाळा सुटायला दोन तास होते, तरी पोरं दप्तरं घेऊन पळाली. करुणाचा नंबर लागला होता. उन्हाळ्यानंतर ती एक पत्र्याची पेटी घेऊन गेली. मला वाटतं ती रडली नाही, आम्हीच जरा जास्त रडलो.

दोनेक महिन्यांनी तिच्या नव्या शाळेतून सरांच्या मोबाईलवर फोन आला. गणिताच्या बाई बोलत होत्या, जरा तावातच. "तुमची मुलगी वर्गात सारखी तोंड हलवते. काय खातेस विचारलं तर काही नाही म्हणते. तोंड उघडून पाहिलं तर खरंच काही नाही. हा काय प्रकार आहे?"

सरांनी फोन माझ्याकडे दिला. या वेळी मी हसले नाही आणि पळालेही नाही. शेत, धुरे, तळं, बोरिंग, लोटा, कुहीची खिडकी, सगळं ओळीनं सांगितलं. चांगली वीस मिनिटं लागली. शेवटी बाई म्हणाल्या, "थांबा, ती इथेच आहे," आणि फोन करुणाकडे दिला.

"काय गं," मी म्हटलं, "इतकं शिकवलं तरी अजून जीभ चालवावी लागते का तुला बेरजेला?"

"नाही न मॅडम. गणित तर आता असंच येते, त्याले काही नाही लागत."

"मग काहून चालवतेस?"

पलीकडून तिचा आवाज खाली आला.

"घरची याद आली का फिरवतो थोडी. आपल्या शाळेपासून निघतो, बोरिंगपाशी जातो, मंग तळ्यापर्यंत. घरी जाऊन आल्यावानी वाटते."

शाळेत मी कधी कोणाला शेवटचं वाक्य बोलू दिलेलं नाही. त्या दिवशी मी फोन उरकुडे सरांच्या हातात देऊन टाकला.